अडगळ आणि संग्रह

घरात एखादी वस्तू एकच असली, की तिला वस्तू म्हणतात. तशाच दोन झाल्या, की सोय म्हणतात. चार झाल्या, की अडगळ म्हणतात; आणि चाळीस झाल्या, की संग्रह म्हणतात. म्हणजे अडगळीतून सुटायचे मार्ग दोनच. एक तर ती मोडीत घालावी, नाही तर वाढवत न्यावी. बहुतेक संसारी माणसे पहिला मार्ग धरतात. आम्ही थोडे लोक दुसरा धरतो. आम्हांला छांदिष्ट म्हणतात. (हे घराबाहेर. घरात वेगळा शब्द आहे.)

संग्रहाचा छंद चांगला की वाईट, हा प्रश्न शाळेच्या निबंधात फार सोपा असतो. छंदाने ज्ञान वाढते, वेळ सत्कारणी लागतो, नीटनेटकेपणाची सवय लागते, असे लिहिले की दहापैकी सात मार्क ठरलेले. पण त्या निबंधात एक गोष्ट कधीच येत नाही. या छंदाचा खर्च सोसतो कोण? मी नुसत्या पैशांबद्दल बोलत नाही. पैसे तर लागतातच. मी बोलतोय ते जागेबद्दल, धुळीबद्दल, आणि दर रविवारी जेवण गार होण्याबद्दल. सुख एकाच्या नावावर आणि हप्ते घरभर, असा हा व्यवहार आहे. तो नीतीत बसतो का?

माझी सुरुवात काड्यापेट्यांपासून झाली. चाळीतल्या बहुतेक पोरांची तीच होई, कारण फुकटात मिळणारे रंगीत चित्र दुसरे कुठले होते? घोडा होता, जहाज होते. रस्त्यात रिकामी पेटी पडलेली दिसली, की शाळेची वाट वाकडी होई. चित्र सोडवायचे म्हणजे पेटी वाटीभर पाण्यात बुडवायची, कागद सुटा होईपर्यंत धीर धरायचा, मग तो वर्तमानपत्रावर पालथा वाळत घालायचा. यात अडचण एवढीच, की रिकामी पेटी नाही मिळाली, तर भरलेली रिकामी करावी लागे. आई स्टोव्ह पेटवायला जाई, तेव्हा काड्या एका डब्यात शिस्तीत लावून ठेवलेल्या असत, आणि ज्यावर त्या ओढायच्या ती पेटी पाण्यात! "आता चहा कसा करायचा, ते तुझ्या त्या घोड्यालाच विचार," असे आई म्हणे. मग शेजारून पेटी मागून आणावी लागे. त्यासाठी मलाच पाठवीत. शेजाऱ्यांच्या पेटीवर निराळे चित्र असे.

पुढे पोस्टाच्या तिकिटांचा नाद लागला तो आजतागायत आहे. लोकांना वाटते, आमचे सुख वस्तूत असते. तसे नाही. आमचे सुख असते मोकळ्या जागेत. माझ्या अल्बममध्ये एक पान गांधीजींचे आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी, स्वातंत्र्याच्या पहिल्या वाढदिवशी, आपल्या सरकारने गांधीजींची चार तिकिटे काढली. दीड आण्याचे, साडेतीन आण्यांचे, बारा आण्यांचे आणि दहा रुपयांचे. (जन्मभर स्वदेशीसाठी झटलेल्या माणसाची ही तिकिटे छापून आली स्वित्झर्लंडहून. असो.) पहिली तीन मला मिळाली. दहा रुपयांचे नाही मिळाले. दहा रुपयांचे तिकीट लागेल इतके जड पत्र आमच्या खानदानात कोणाला आले नव्हते, आणि कोणी लिहिलेही नव्हते. तेव्हापासून त्या पानावर एक चौकोन मोकळा आहे. अल्बम उघडला की डोळा आधी तिथे जातो. माझ्या सबंध संग्रहात सगळ्यांत जास्त वेळा पाहिलेली जागा ती, आणि तिच्यात काहीही नाही!

ज्याला असा एखादा मोकळा चौकोन नाही, त्याचे मला खरेच वाईट वाटते. सकाळी उठून तो काय शोधत असेल?

माझ्या मामांचा चौकोन अडकित्त्याच्या आकाराचा होता. सदाशिव पेठेत दोन खोल्या, आणि त्यांत चौसष्ट अडकित्ते. पोपटाचे, मोराचे, घोड्याचे, घुंगरांचे. मधोमध आरसा बसवलेले. राजाराणी एकमेकांना बिलगून बसलेली आणि सुपारी आली की दूर होणारी. बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरे, तिथे मामांची फेरी चुकत नसे. मामा स्वतः सुपारी खात नसत. दातांनी त्यांचा लवकरच निरोप घेतला होता. आल्यागेल्यासाठी मामी सुपारी कातरून ठेवी, पण ती तिच्या माहेरच्या एका साध्या लोखंडी अडकित्त्याने. भिंतीवरच्या चौसष्टांपैकी एकालाही सुपारी दाखवायची परवानगी नव्हती. "पातं बोथट होतं," असे मामा म्हणत. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटले नाही. आता वाटते, की संग्रहात शिरताना प्रत्येक वस्तू आपला धंदा दारात सोडून येते. तिकीट पत्र नेत नाही, नाणे बाजारात जात नाही, अडकित्ता सुपारी कातरत नाही. सगळ्या वस्तू सन्मानाने निवृत्त होतात, आणि त्यांची सेवा करायला घरातले एक माणूस कायमचे कामाला लागते.

पण आमची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. अशी माणसे निपजली नसती, तर आज पाहण्यासारखे उरले काय असते? पुण्यातच दिनकर गंगाधर केळकर होऊन गेले. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत, आणि चरितार्थासाठी चष्मे विकत. लोकांना दिसावे म्हणून चष्मे देणाऱ्या या गृहस्थाला लोकांना न दिसणाऱ्या वस्तू दिसत. दिवे, दौती, कुलपे, अडकित्ते, अंग घासायच्या वज्र्या. ज्या वस्तू आपल्या आज्यांनी मोडीत घालून त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलची भांडी घेतली, त्या ते गावोगाव हिंडून आणीत. सुमारे वीस हजार वस्तू जमल्या. आमच्यासारख्यांची हाव अडकित्त्यापाशी थांबते. काकासाहेबांनी कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून महालच पुन्हा उभा केला. आणि मग १९७५ साली हे सगळे महाराष्ट्र सरकारला देऊन टाकले. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने ते आज 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' आहे. शुक्रवार पेठेत जाऊन तिथली एखादी वज्री पाहा. कुणा अनामिक कासाराने टाच घासायच्या वस्तूवरसुद्धा पाखरू बसवलेले असते. एका माणसाला वेड लागले नसते, तर त्या पाखराचे पितळ केव्हाच वितळून गेले असते.

इतिहासाचार्य राजवाड्यांचेही तेच. १८९८ साली त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचा पहिला खंड काढला, आणि बघता बघता बावीस खंड झाले. वाड्यांच्या माळ्यावर कागद पडले होते. वाळवी आधीपासून त्यांचा अभ्यास करीत होती. राजवाडे मध्ये पडले एवढेच. तेव्हा 'काय ही अडगळ!' असे म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे. कालची अडगळ म्हणजेच आजचा पुरावा असतो. नाण्यांचेच पाहा. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, तेव्हा चौसष्ट पैशांचा रुपया शंभरांचा झाला आणि भोकाचा पैसा चेष्टेचा विषय झाला. पुढे ३० जून २०११ नंतर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून गेली. आज नातवाला चार आण्यांची गोष्ट सांगायची, तर हातावर ठेवायला चार आणे लागतात. ते माझ्याकडे आहेत. (नातवाच्या मोबाईलमध्ये अकरा हजार फोटो आहेत. तो त्याला संग्रह म्हणत नाही. त्यावर धूळ बसत नाही, म्हणून त्याला कोणी बोलतही नाही.)

इथवर आम्ही सज्जन आहोत. पण या छंदाला एक तळघर आहे. १८५६ साली ब्रिटिश गयानात विलायतेहून तिकिटे वेळेवर पोचेनात, म्हणून तिथल्याच छापखान्यात थोडी छापून घेतली. त्यांतले एक सेंटाचे, किरमिजी कागदावरचे तिकीट जगात एकच उरले आहे असे मानतात. १८७३ साली ते एका बारा वर्षांच्या मुलाला घरच्या जुन्या कागदांत सापडले. कोपरे कापलेले, रंग विटलेला. त्याला दुसरी चांगली तिकिटे घ्यायची होती, म्हणून त्याने हे सहा शिलिंगांना विकून टाकले. तेच तिकीट २०१४ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे पंचाण्णव लाख डॉलरला गेले. २०२१ साली पुन्हा विकले, तेव्हा त्र्याऐंशी लाखांवर उतरले. म्हणजे सात वर्षे जपून ठेवण्याची मजुरी, उणे बारा लाख डॉलर!

या तिकिटाची एक आख्यायिका आहे. खरीखोटी देव जाणे. म्हणतात, त्याच्या एका धनाढ्य मालकाकडे कोणी तरी तस्सेच दुसरे तिकीट घेऊन आला. मालकाने मागेल ती किंमत मोजली, तिकीट हातात घेतले, चिरूट पेटवला, आणि त्याच चिरुटाने ते दुसरे तिकीट जाळून टाकले. "आता एकच आहे," म्हणाला.

ही गोष्ट मी प्रथम वाचली, तेव्हा अल्बम मिटून थोडा वेळ स्वस्थ बसलो. कारण प्रेम कुठे संपते आणि हाव कुठे सुरू होते, याची याहून चांगली कसोटी नाही. आपल्याकडची वस्तू दुसऱ्याकडेही आहे असे कळल्यावर आनंद झाला, त्याच्या घरी जाऊन पाहावीशी वाटली, तर ते प्रेम. पोटात दुखले, तर ती हाव. आपल्यातल्या पुष्कळांना दोन्ही होते. प्रथम दुखते, मग चहा घेता घेता आनंद होतो. सामान्य माणसाची नीती बहुधा अशीच असते, थोडी उशिरा पोचणारी.

आमच्या धर्मशास्त्रांनी मात्र या छंदाला दारातच अडवले आहे. पतंजलींनी यमांत अपरिग्रह सांगितला. जैनांच्या पंचमहाव्रतांत तो आहे. गांधीजींनी आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रह घातला. आणि तुकोबांनी तर आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. ही कथा कीर्तनात निघाली, की श्रोते डोळे पुसतात. माझ्यासारख्याच्या मनात भलतेच येते. ती खते आज मिळाली असती तर! आणि निम्मी तर धाकट्या भावाकडे, कान्होबांकडे होती. ती कुठे गेली?

गांधीजींची आणखी गंमत. असंग्रहाचे व्रत घेतलेल्या या माणसाची तिकिटे जगातल्या कितीतरी देशांनी काढली, आणि आम्ही ती हावरटासारखी जमवली. २००९ साली न्यूयॉर्कला त्यांचा चष्मा, खिशातले घड्याळ, चपला, ताट आणि वाटी लिलावात अठरा लाख डॉलरला गेली. ज्याने मोजून पाच वस्तू वापराव्यात, त्याच्या त्या पाच वस्तू जमवायला अठरा लाख डॉलर लागावेत! आमची जात ते हयातीतच ओळखून होते. स्वाक्षरी मागायला कोणी वही पुढे केली, की ते हरिजन फंडासाठी पाच रुपये घेत. संग्राहकाच्या हावेतून लोककल्याण काढणारा असा दुसरा माणूस मला ठाऊक नाही.

मात्र या थोरांची चरित्रे वाचताना एक शंका येते. तुकोबांनी सर्वस्व सोडले, तेव्हा घरात चूल कोणी पेटवली? आवलीने. ती काय काय बोलली, त्याच्या कथा महाराष्ट्र अजून चवीने सांगतो, आणि तिला कजाग म्हणतो. आता गंमत बघा. सगळे टाकून देणाऱ्याच्या घरची बाई आणि सगळे जमवणाऱ्याच्या घरची बाई, दोघी अगदी एकच वाक्य बोलतात. "आणि आम्ही काय करायचं?" म्हणजे संग्रह वाईट आणि असंग्रह चांगला, इतका हा हिशोब सरळ नाही. वस्तू घरात येवो नाही तर जावो, घरात दुसरे कोणी आहे हे विसरून केली, की तिची किंमत त्या दुसऱ्याच्या खात्यावर पडते. संताला हे शोभून जाते, कारण त्याने जगाला पुष्कळ दिलेले असते. चौसष्ट अडकित्तेवाल्याने काय दिले?

हे मला कळले ते मामा गेल्यानंतर. मामेभावाला दोन खोल्यांतून नव्या जागेत जायचे होते. तिथल्या भिंतींवर खिळे ठोकायला मनाई. एका संग्रहालयात विचारून पाहिले. ते म्हणाले, अडकित्ते आमच्याकडे पुष्कळ आहेत. शेवटी जुन्या वस्तूंचा एक व्यापारी घरी आला. मीही गेलो होतो. मामांनी एक वही ठेवली होती. तीत क्रमांक, धातू, लांबी, गाव, किंमत, सगळे वळणदार अक्षरात. व्यापारी एकेक उचलून वही पाहू लागला. मामी पाटावर बसली होती. तिने वही बघितलीही नाही.

"तो मोर पैठणचा. त्याचा खिळा ढिला आहे, हळू धरा," ती म्हणाली. "त्या महिन्यात ह्याच्या फीचे पैसे मी भिशीतून काढले होते. तो घोडा नाशिकचा. तेव्हा माझी एक पाटली मोडली, ती मग झालीच नाही. राजाराणी आणली तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. पत्रात मुलाचं नाव काय ठेवायचं ते लिहिलं नाही, राणीच्या नथीचं वर्णन मात्र दीड पान."

चौसष्टच्या चौसष्ट तिला पाठ होते. एकाच संग्रहाच्या दोन याद्या होत्या. काय आले, याची मामांनी लिहिली होती. त्यापायी काय राहिले, याची मामीजवळ होती, आणि तिला वही लागत नव्हती. व्यापाऱ्याने हातातला पोपट हळूच खाली ठेवला.

मी विचारले, "मामी, तुला ह्यातला आवडतो तरी कुठला?"

"मला एकही आवडत नाही रे," ती म्हणाली. "पण चिंच लावून, रांगोळीनं घासून, पात्याला खोबरेलाचा हात देऊन तीस वर्षं पुसलेत मीच. इतकी वर्षं पुसलं की आवडलं नाही तरी आपलं होतं."

तिने ते विकले नाहीत. वर्षश्राद्धाला जे जे आले, त्या प्रत्येकाला एकेक दिला, आणि देताना त्याची हकीकत सांगितली. मामांच्या यादीतलीही आणि तिच्या यादीतलीही. माझ्याकडे पैठणचा मोर आला. मला सांगितलेली हकीकत मी नातवाला सांगितली आहे. स्वतःसाठी मामीने काय ठेवले, तर तो माहेरचा साधा लोखंडी अडकित्ता. तो संग्रहात कधी नव्हताच. पंगत उठल्यावर तिने त्यानेच सुपारी कातरली.

तेव्हा माझ्यापुरता मी निकाल लावला आहे. संग्रह करावा. जरूर करावा. त्याशिवाय जगातले पितळ वितळते आणि कागद वाळवी खाते. पण तीन गोष्टी पाळाव्यात. वस्तू दाखवावी, कारण जी दाखवली जात नाही ती चिरुटाच्या वाटेवर असते. हातपाय चालताहेत तोवर द्यावी. हैदराबादचे तिसरे सालारजंग १९४९ साली गेले तेव्हा लग्न नव्हते, वारस नव्हता, आणि वाडा वस्तूंनी भरलेला. १९५१ साली त्याचे संग्रहालय झाले म्हणून निभावले. प्रत्येकाच्या मागे संग्रहालय होत नाही, बहुतेकांच्या मागे व्यापारीच येतो. आणि तिसरी सर्वांत अवघड गोष्ट, आपल्या वस्तूंवरची धूळ आपण पुसावी. मालकी कोणाची, याचा खरा कागद म्हणजे ते धूळ पुसायचे फडके. ते ज्याच्या हातात, त्याची वस्तू.

हल्ली रविवारी माझे अल्बम मीच पुसतो. दुबार तिकिटे चाळीतल्या पोरांना वाटतो. ती घेतात, आणि वर हे ऑनलाइन केवढ्याला जाईल असे विचारतात. गांधीजींच्या पानावरचा चौथा चौकोन अजून मोकळाच आहे. दहा रुपयांचे ते तिकीट आता विकत घेण्याइतके पैसे साठवता येतील, असे मुलगा म्हणतो. मी नको म्हणतो. चार चौकोनांपैकी असंग्रहाचे व्रत पाळणारा तेवढा एकच आहे.